ताई खुर्चीवरून उठल्या तेव्हा

मी एक जुनी बुटकी खुर्ची आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुर्चीजवळ सांगण्यासारखं काय असणार? मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. माणसं येतात, बसतात, उठून जातात. आपण जिथल्या तिथे. पण एकदा माझ्यावरून एक बाई उठल्या, आणि त्यांच्या त्या उठण्याने एका लहान मुलाचं काहीतरी हरवलं. ते कुणाला तरी सांगावं, असं सारखं मनात येतं. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. तरी सांगून बघते.

मी सागाची. वेताची बैठक, दोन्ही बाजूंना गुळगुळीत हात, आणि पूर्वी चांगले उंच पाय. हो, मी जन्मापासून बुटकी नव्हते. वाशीच्या एका कचेरीत मी साहेबांच्या टेबलासमोर असे. काम घेऊन आलेली माणसं माझ्या कडेवर अवघडून बसत आणि बोलताना माझे हात घट्ट धरत. माणसाच्या मनात काय चाललं आहे, ते त्याच्या बसण्यावरून कळतं, हे मी तिथे शिकले. पुढे कचेरीत चाकांच्या, गिरक्या घेणाऱ्या खुर्च्या आल्या. मग माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. तिथे एका मोडक्या कपाटाच्या आडोशाला मी धूळ खात पडले होते.

तिथून मला सरोजिनीताईंनी आणलं. बोनकोडे गावात, एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत त्या बालवाडी सुरू करत होत्या. त्यांनी मला आधी नेलं ते शेजारच्या गल्लीतल्या हिरामण सुताराकडे. हिरामणने मला उलटं केलं, ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "लाकूड एक नंबर हाय, ताय. पॉलिश मारू?"

"पॉलिश नको. पाय कापा," ताई म्हणाल्या.

हिरामणने करवत खाली ठेवली. "चांगल्या सागाच्या खुर्चीचं पाय कापाचं? येड लागलाय का तुमाला?"

"मला मुलांएवढं व्हायचंय हो."

"मंग तुमचंच पाय दुमडा ना! खुर्चीनी काय केलाय?"

ताई खूप हसल्या. पण पाय कापूनच घेतले. मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं होतं. कचेरीतली मी, आणि आता कुणाच्या गुडघ्याएवढी! हिरामणने माझ्या कापलेल्या पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, कारण ताईंनी बजावलं होतं की खुर्चीचा आवाज मुळीच व्हायला नको. बालवाडीत आल्यावर ताई माझ्यावर बसल्या, आणि मला एकदम सगळ्या मुलांचे चेहरे दिसले. उंच होते तेव्हा मला फक्त टेबलाची कड दिसायची. माझं रडू तिथेच थांबलं.

माझं काम काय, तेही सांगायला हवं. ताई दिवसभर मुलांबरोबर जमिनीवर असत. माती, रंग, गाणी, भांडणं, नाक पुसणं, सगळं खालीच. पण मुलं आपापल्या खेळात रमली, की त्या वही घेऊन माझ्यावर येऊन बसत आणि एखाद्या मुलाकडे बघत. नुसतं बघत. मुलांना त्यांनी हे पहिल्या दिवशीच सांगितलेलं असे. "मी या खुर्चीवर बसले ना, की मी बघत असते. तुम्ही खेळा. काही लागलं, दुखलं, तर मात्र लगेच हाक मारायची." मुलांना त्याची इतकी सवय झाली होती, की कुणी नवं पोर ताईंकडे धावलं तर बाकीची सांगत, "आता नको, ताई बसल्यात!" आणि मग ती ताईंना विसरून जात. त्या विसरण्यातच सगळं होतं.

ताई मला कधीही मुलाच्या अगदी समोर ठेवत नसत. थोडी तिरपी, खिडकीकडे वळवून ठेवत. सरळ रोखून पाहिलं तर मूल खेळायचं सोडून आपल्याला दाखवायला लागतं, असं त्या म्हणत. वहीत त्या जे डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच लिहीत. ती वही कपाटात कुलपात राही. मुलाच्या आईबाबांना मात्र त्या स्वतः बोलावून वाचून दाखवत, तेही मूल तिथे नसताना.

त्यांच्या हाताखाली क्षिप्रा नावाची मुलगी आली होती. नुकताच अभ्यासक्रम पुरा केलेली, हसरी, भरभर काम करणारी. तिने पहिल्यांदा माझ्यावर बसून काय लिहिलं, ते मला अजून आठवतं, कारण ताईंनी ते मोठ्याने वाचलं होतं.

"'अंकुश हट्टी आहे.' बरं. हट्टी कसा दिसतो गं? मला दाखव ना."

"म्हणजे ताई... तो ठोकळा देतच नव्हता."

"कुणाला?"

"शुभदाला. ती हिसकावायला गेली ना, मग याने धरून ठेवला."

"मग तेवढंच लिही. हट्टी वगैरे त्याला लोक जन्मभर म्हणतीलच. आपण कशाला घाई करायची?"

क्षिप्रा लाजली, पण शिकली. मोबाइल पर्समध्ये ठेवून बसायलाही ती शिकली. आईबाबांचा ग्रुप होता, सगळ्यांना रोज व्हिडिओ हवे असत. ताई म्हणत, "आपण बसलो असताना कुणी आपला व्हिडिओ काढला, तर आपण पदर सारखा करतो की नाही? मुलांना पदर नसतो गं."

असे चांगले दिवस होते. बाहेरगावच्या बाया ताईंचं काम पाहायला येत. कुणी विचारे, ही अशी कापलेली खुर्ची कशाला? ताई माझ्या हातावरून हात फिरवत. मला किती बरं वाटायचं, ते सांगता येणार नाही.

मग ऋषी आला.

ऋषी गावातलाच. त्याला त्याची आजी, पुतळाआजी, हाताला धरून घेऊन आली. मूल चपलांच्या फळीजवळ भिंतीला पाठ लावून उभं राहिलं आणि दुपारपर्यंत तसंच राहिलं. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुतळाआजी कपाळावर हात मारून घेई.

"ताय, घरान नुसता रेडिओ हाय त्यो! आजाला गप बसवतो, मांजराला गप बसवतो. नि तुमचे दारान आला का बॅटरी संपली!"

ताईंनी तिला बाजूला नेऊन विचारलं, "आजी, घरातून निघाल्यावर तो नेमका कुठपर्यंत बोलतो?"

पुतळाआजीने कधी तसा विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी ती लक्ष ठेवून आली. "इस्त्रीवाल्याच्या टपरीपरत बोलतो. ती टपरी आली का बंद."

मित्रांनो, ऋषीला बोलता येत नव्हतं असं नाही, आणि तो मुद्दाम गप्प बसत होता असंही नाही. काही मुलांचा आवाज परक्या माणसांत आतल्या आत अडकतो. तो ओढून बाहेर येत नाही. ताईंना ते ठाऊक होतं. त्यांनी त्याला कधी "बोल" म्हटलं नाही. हजेरीला तो हात वर करी, तेवढं पुरे असे. क्षिप्राने वहीत "बोलत नाही" असं लिहिलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "नाही ते किती दिवस लिहिशील? तो काय करतो, ते बघ." आणि खरंच, तो कितीतरी करत होता. शुभदाची पडलेली पिन उचलून तिच्या दप्तरात ठेवत होता. रंगवताना गुणगुणत होता. माती मळताना त्याचे ओठ हलत होते.

ताई कधी सकाळी माझ्यावर बसत, कधी डब्याच्या वेळेला, कधी निघायच्या आधी. ऋषी हळूहळू चपलांच्या फळीपासून सुटला. मग भिंतीपासून सुटला. बाहेर रस्त्यावरही काहीतरी चाललं होतं. पुतळाआजी येऊन आनंदाने सांगे, "आज टपरीच्या फुडं आला बोलत! देवलापरत!" मग देवळाच्या पुढे. मग पिठाच्या गिरणीपर्यंत. मुलाची गप्प होण्याची जागा आमच्या दाराकडे सरकत होती. ताई ते ऐकून फक्त "बरं" म्हणत. पण नंतर माझ्यावर बसल्या की त्यांचं अंग हलकं वाटे.

ऋषीचे बाबा, दिपेश, यांना मात्र धीर नव्हता. त्यांचीही काय चूक? त्यांचं एकुलतं एक मूल. संक्रांत झाल्यावर एका सकाळी ते आले. ताई त्यांना बाहेर पायरीवर घेऊन गेल्या. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, राग नका मानू. पण तुमी करता काय नक्की? आई बोलते, तुमी त्या खुर्चीत बसून त्याच्याकडे बघता. बघून पोरगं बोलतं काय?"

"तो जवळ येतोय, दिपेश. थोडा वेळ द्या."

"किती वेळ? जूनमध्ये मोठ्या शाळेत टाकायचाय. तिकडे त्याला नाव विचारतील, तर काय सांगायचं, बघत बसा? वाशीला एक स्कूल आहे, पोरांना बोलायला लावतात. माझ्या मित्राचा पोरगा फाडफाड पोएम म्हणतो. होळीपर्यंत थांबतो मी. मग टेन्शन नको, तिकडे टाकतो."

ताई आत आल्या. त्या दिवशी त्या माझ्यावर बसल्या तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. कचेरीत काम अडलेली माणसं धरत, तसे.

त्यानंतर ताईंचं बसणं बदललं. वही मांडीवर असे, पण त्या पुढे कलून बसत. डोळे एकट्या ऋषीवर. मला ते जाणवत होतं. मी खुर्ची. मी काय करणार?

मग ती सकाळ आली. खोलीत ऊन आलं होतं. मुलं आपापल्या जागी खेळत होती. क्षिप्रा कपाटाजवळ बसून पताकांचे कागद कापत होती. पुतळाआजी बाहेर पायरीवर कुणाशी तरी गप्पा मारत होती. ऋषीने कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांच्या दोन ओळी मांडल्या. त्यांच्यावर बाहुल्या बसवल्या, एक अस्वल बसवलं, एक डोकं नसलेला उंट बसवला. सगळ्यांत पुढे एक थाळी ठेवली. ती बस होती. थाळी म्हणजे स्टिअरिंग. आणि ऋषी मधल्या वाटेत उभा राहिला.

"फुडं सरका," तो म्हणाला.

अगदी हळू. ताईंचा पेन थांबला.

"फुडं सरका ना ताय, मागं जागा हाय." आता जरा मोठ्याने. बारीक, घोगरा, कंडक्टरचा आव आणलेला आवाज. बाकीच्या मुलांनी वर पाहिलंसुद्धा नाही. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. क्षिप्राने मात्र ऐकलं. तिची कात्री उघडी ती उघडीच राहिली. ती हलली नाही. ताईंनीच शिकवलेलं होतं तिला.

ऋषी उंटाला म्हणाला, "तुमाला कुटं जायाचाय? आं? वाशी?"

मला ताईंचा श्वास ऐकू येत होता. त्या पार माझ्या कडेवर आल्या होत्या. थांबा, ताई, थांबा. तो अजून बोलेल. उंटाचं तिकीट व्हायचंय, अस्वलाचं व्हायचंय. बस वाशीला जाऊ दे.

आणि मी एकदम हलकी झाले.

"बोलला! क्षिप्रा, ऐकलंस? बोलला गं! आजी, अहो आजी, लवकर आत या, ऋषी बोलला!"

ताई धावल्या होत्या. त्यांनी गुडघ्यांवर बसून ऋषीला कवेत घेतलं होतं आणि त्या रडत होत्या. आमच्या बालवाडीत कुणी काही चांगलं केलं की तालावर टाळ्या वाजवायची पद्धत होती. अंकुशने सुरुवात केली आणि सगळी मुलं वाजवू लागली. "ऋषी बोलला! ऋषी बोलला!" पुतळाआजी पदर सावरत आत आली. "बोल रं माज्या राजा! परत बोल! काय बोलला ते आजीला सांग ना!"

सगळे खूश होते. एकही माणूस वाईट नव्हतं त्या खोलीत.

ऋषीचं तोंड ताईंच्या खांद्यावरून माझ्याकडे होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या खुर्चीकडे. आणि त्याला कळलं, की इथून कुणीतरी ऐकत होतं. रोज ऐकत होतं. त्याचे ओठ असे मिटले, की माझ्या लाकडाला गार वाटलं. ताईंच्या पायाने ठोकळे सरकले होते. उंट आडवा पडला होता.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्यावर बसल्या आणि ऋषीने भिंतीकडे तोंड केलं. ताई नुसत्या माझ्या दिशेने वळल्या, तरी तो हातातला खेळ खाली ठेवी. त्याने पुन्हा बस मांडली नाही. गुणगुणणंही गेलं. पुतळाआजी आता सांगायला येत नसे. ताईंनीच एकदा तिला विचारलं, तेव्हा ती डोळे पुसत म्हणाली, "आता कसला देऊल नि कसली टपरी, ताय. घरान दप्तर खांद्याला लावला का बंद."

मुलं गेल्यावर खोलीत फक्त त्या दोघी राहिल्या. क्षिप्रा म्हणाली, "ताई, किती लावून घेताय? कुणीही उठलं असतं."

"कुणीही उठलं असतं, म्हणून तर मी बसायचं होतं गं." ताईंनी वही कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, "आणि मी त्याच्यासाठी उठलेच नाही. मी त्याच्या बाबांना दाखवायला उठले. माझं बघत बसणं फुकट नव्हतं, हे दाखवायला."

दिपेश आले तेव्हा ताईंनी काही लपवलं नाही. काय झालं आणि कुणामुळे झालं, ते सगळं त्यांनी सांगितलं. ते बिचारे गोंधळून म्हणाले, "पोरगं बोललं म्हणून खूश झालात, त्यात काय चूक मॅडम? मी तर नाचलो असतो." पण त्यांनी ऋषीला नेलं. ताईंनी नव्या शाळेच्या बाईंसाठी निरोप दिला, की त्याला बोल म्हणू नका, आणि बोललाच तर वळून बघू नका. तो निरोप पोचला का, आणि कुणी ऐकला का, मला माहीत नाही. जाताना ऋषीने चपला घातल्या आणि आजीच्या मागे मागे गेला. एवढंच.

त्यानंतर ताई माझ्यावर बसल्या नाहीत. मुलांबरोबर त्या असत, गाणी म्हणत, पण वही घेऊन बसायचं काम त्यांनी क्षिप्राकडे दिलं, आणि क्षिप्रा ताईंच्या खुर्चीवर बसायचं टाळून चटईवर बसे. माझ्यावर रद्दी साचली. मग पताकांचा खोका आला. वेत एका बाजूने उसवला. कुणी माझी निंदा केली नाही. मी तिथे आहे, हेच सगळे विसरले. मुलं मला विसरत तेव्हा मला आनंद व्हायचा. या विसरण्यात तसं काही नव्हतं.

ताईंनी मग बालवाडीत रोज येणं सोडलं. मध्ये एकदा आल्या, त्या दाराशीच उभ्या राहिल्या. गावात कुणाच्या तरी हळदीला गेल्या होत्या, तिथून आल्या होत्या. क्षिप्राने पाणी दिलं.

"ऋषी दिसला," ताई म्हणाल्या.

"हो? कसा आहे? बोलतो?"

"बोलतो. पुष्कळ बोलतो म्हणे आता शाळेत. मांडवात पोरांच्या घोळक्यात उभा राहून गात होता, हात वर करून. छान आवाज आहे गं त्याचा. घोगरा." त्यांनी पेला खाली ठेवला. "मला पाहिलं, आणि गाणं अर्ध्यावर सोडलं. पोरं म्हणताहेत, गा ना, गा ना. हा माझ्याकडे बघतोय. मग मी निघाले. मी तिथून जायला हवं होतं ना? म्हणजे तो पुढचं गाईल."

"जेवला नाहीत?"

"नाही."

क्षिप्राने माझ्यावरची रद्दी उचलली, खोका खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, बसा ना जरा."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढे आल्या नाहीत. "तू बस," त्या म्हणाल्या. "तू हलली नव्हतीस." आणि त्या गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं लहान भावंड असेल. ते कोपऱ्यात बसून स्वतःशीच काहीतरी बडबडत असेल, कुणाला तरी रागावत असेल, कुणाला तरी जेवू घालत असेल. तेव्हा मोबाइल काढू नका. पाहुण्यांसमोर हात धरून आणू नका, की आता म्हणून दाखव. तुम्हाला फार आनंद होईल, मला माहीत आहे. तो आनंद थोडा वेळ आपल्याजवळ ठेवा. तो तुमचा आहे. पण ते बोलणं त्या मुलाचं आहे.

मी सरोजिनीताईंना दोष देत नाही. मी त्यांच्या इतकी जवळ होते, की त्यांचा श्वासन्‌श्वास मला कळत होता. त्या मुलावर त्यांच्याएवढी माया त्या खोलीत कुणाचीच नव्हती. तेवढ्यानेच तर घात झाला.

आता क्षिप्रा माझ्यावर बसते. वेत तिने नवा विणून घेतला. आज एक नवी मुलगी आली आहे. चटईच्या कडेला बसली आहे, आणि दोन चमचे एकमेकांशी काहीतरी बोलताहेत असे तिने धरले आहेत. क्षिप्राने मला हळूच खिडकीकडे तिरपं केलं आहे.

तेव्हा मी आता थांबते. तुम्हीही जरा गप्प बसा.